काजळीचा आळ

सिन्नरला आल्यावर पहिल्या वर्षी भागीबाईला एकच गोष्ट आवडली, तिथलं ऊन. पेठच्या डोंगरातून कांदा काढणीला आलेल्या टोळीत ती आणि तिचा नवरा झिपरू होते. टोळीतल्या बाकीच्या बाया उन्हाच्या नावाने बोटं मोडत. ओठ फुटतात, नाक सुकतं, प्यायला पाणी नाही, सावलीला बसावं तर झाड नाही. भागीबाईने लुगडं पिळून बाभळीवर टाकलं आणि भाकर खाऊन हात धुते तोवर ते वाळलं. ती ते हातात धरून बघत राहिली. तिच्या गावी पावसाळा लागला की कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत. दिवाळीपर्यंत पांघरुणाला, पोरांच्या केसांना, भाकरीलासुद्धा धुराचा वास. सगळा पाऊस तिकडे डोंगरातच रिकामा होतो. सिन्नरला ढगांची नुसती सावली पोचते.

"इथं दाण्याला बुरशी नाय लागायची," ती झिपरूला म्हणाली. "आपण इथंच ऱ्हाऊ."

झिपरू हसला. बुरशीला भिऊन कुणी गाव सोडतं का, म्हणाला. पण पुढच्या वर्षी टोळी परत गेली तेव्हा ते दोघं मागे राहिले. औद्योगिक वसाहतीत शेड उभारायची कामं निघाली होती आणि झिपरूला रोज काम मिळत होतं. वसाहतीच्या कुंपणाबाहेर खडकमाळ नावाची वस्ती आहे. तिथे कुसाबाईच्या घरामागची पत्र्याची खोली त्यांनी भाड्याने घेतली. धनराज तेव्हा कडेवर होता.

कुसाबाई शेतकऱ्याघरची. तिची जमीन वसाहतीत गेली आणि तिच्या बदल्यात स्लॅबचं घर आलं. घर मोठं, गच्ची त्याहून मोठी वाटावी अशी मोकळी. नवरा लवकर गेला होता. पुढे पोरगा मुंबईकडे नोकरीला लागला, त्याचं लग्न झाल्यावर सून मनीषा इथेच सासूजवळ राहिली. गच्चीवर धुणं सोडून दुसरं काही नव्हतं. भागीबाई आपल्या खोलीच्या पत्र्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड वाळवायची, घरापुरते. कुसाबाईने एकदा एक भाजून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवलं.

"भागे, पत्र्यावर कशाला घालतीस? गच्ची हाय की माझी. गच्ची माझी, हात तुझे. निम्मं निम्मं."

इथून त्यांचा धंदा सुरू झाला. नागलीचे पापड भागीबाईला येतच होते. गव्हाच्या कुरडया कुसाबाईने शिकवल्या. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि पहाटे चुलीवर घोटून गरम असतानाच सोऱ्यातून गाळायचा. घोटायचं काम सगळ्यात अवघड. हात थांबला की गाठी होतात, आणि चीक उडाला तर कातडी सोलून निघते. वर्षभरात भागीबाई ते कुसाबाईपेक्षा चांगलं करायला लागली. माघ सरता सरता काम लागे आणि पहिला वळीव पडेपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. सकाळी घातलेली कुरडई तिसऱ्या प्रहरी कडकडीत. नाशिकची दुकानं मागणी करू लागली. मनीषाने पिशवीवर लावायला स्टिकर करून घेतलं, 'कुसाबाईंच्या घरच्या कुरडया'. भागीबाईचं नाव त्यावर नव्हतं आणि असावं असं तिला वाटलंही नाही. तिला टायफॉइड झाला होता तेव्हा कुसाबाईने दोन्ही वेळचा डबा पाठवला होता. कोरोनात झिपरूचं काम बंद होतं तेव्हा खोलीचं भाडं मागितलं नव्हतं. एवढं पुष्कळ होतं.

नंतर कुंपणापलीकडे, वस्तीच्या उगवतीला, एक नवा कारखाना आला. उंच पत्र्यांनी चहूबाजूंनी बंद केलेला. बाहेर टायरांनी भरलेले ट्रक उभे राहत, म्हणून वस्तीत त्याला टायर कंपनी म्हणू लागले. धनराज तोवर दहावी होऊन इकडेतिकडे हमाली करत होता. त्याला ठेकेदाराने तिथे घेतलं. घरी त्याने पॅकिंगचं काम आहे असं सांगितलं. रात्रपाळी. सकाळी उजाडल्यावर यायचा, अंघोळ करून, केस विंचरून. भागीबाईला त्याचं कौतुक वाटायचं. कंपनीत अंघोळीला गरम पाणी देतात, असं ती बायांना सांगायची.

त्याच वर्षी फाल्गुनात एका सकाळी मनीषा फोन घेऊन गच्चीवर आली. नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाठवला होता. पांढऱ्या ताटात पांढरी कुरडई, तिच्यावर काळे बारीक ठिपके. कुणीतरी बोटाने एक ठिपका चोळत होतं आणि तो पुसला न जाता पसरत होता.

"तळताना रबराचा वास येतोय म्हणतात, आत्या," मनीषा म्हणाली. "दुकानदारानं सगळा माल परत पाठवलाय."

कुसाबाईने समोरच्या वाळवणातली एक कुरडई उचलली, डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने घासली. अंगठा काळा झाला. तिने दुसरी उचलली. मग खाली अंगणात चुलीकडे बघितलं.

"चुलीत काय घातलं व्हतं भागे?"

"बाभळीच्या ढलप्या. रोज घालते त्याच."

"आन् पेटवायला?"

पावसाळ्यात सर्पण ओलं असलं की सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून चूल पेटवायची सगळ्या वस्तीची सवय. भागीबाईच्याही घरी अशा तुकड्यांचा डबा होता.

"घरी लावते ट्यूबचा तुकडा, पावसाळ्यात. तुम्हीबी लावता आक्का. चिकाच्या चुलीला कधी नाय लावला."

"म्हंजी लावतीस."

गच्चीवर गाळायला आलेल्या आणखी तीन-चार बाया होत्या. त्यांचे हात थांबले. भागीबाईने सगळ्यांकडे बघितलं. रोज पहाटे चूल पेटवताना त्यातली कुणी ना कुणी जवळ असायची. एकीने तरी बोलावं असं तिला वाटलं. कुणी बोललं नाही.

कुसाबाईने शेगडी आणि सिलिंडर आणलं. चीक घोटायला आपल्या नात्यातली एक बाई लावली. भागीबाईकडे गहू निवडायचं आणि भांडी घासायचं काम आलं. नेमकं त्याच आठवड्यात वारं फिरलं. होळीच्या सुमाराला दिवसरात्र पश्चिमेचं वारं सुटलं, गच्चीवरचे कागद उडू नयेत म्हणून विटा ठेवाव्या लागल्या, आणि कुरडया पांढऱ्याशुभ्र निघाल्या. कुसाबाईचं बघणं बदललं. बाकीच्या बायांना तर पुरावाच मिळाला. नळावर कुणीतरी म्हणालं, डोंगरातल्या माणसांना स्वच्छता काय माहीत, जल्म धुरात गेलेला. भागीबाई तिथेच हंडा भरत उभी होती.

चैत्र लागला, वारं पडलं, सकाळची हवा तळ्यातल्या पाण्यासारखी स्थिर झाली आणि ठिपके परत आले. आता चूल नव्हती, ट्यूब नव्हती. पण एकदा ठरलेलं मत माणूस सोडत नाही. कुसाबाईने बराच वेळ विचार केला असावा. संध्याकाळी तिने भागीबाईला ओट्यावर बोलावलं.

"तुझ्या लुगड्याला घरच्या चुलीचा धूर हाय. केसांत काजळी हाय. ती पडती मालावर. तू उद्यापासून नको येऊ."

"आक्का, मी पहाटे न्हाऊन येते."

"मला धंदा करायचाय भागे. लोकं माल परत करून राह्यले."

भागीबाईने घरी थोडे गहू भिजवून मूठभर चीक काढला. एका पहाटे न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, तो घरच्या गॅसवर घोटला, स्टीलच्या ताटात पाच कुरडया घातल्या आणि ताट पत्र्यावर ठेवलं. चूल पेटवली नाही. झिपरूला चहासुद्धा गॅसवर केला. उन्हं वर आली तेव्हा ताटाच्या काठावर आणि कुरडयांवर काळे ठिपके होते. तिला बरं वाटलं. ती तसंच ताट घेऊन कुसाबाईच्या दारात गेली.

"बघा आक्का. चूल नाय, काय नाय. वरून पडतंय हे."

कुसाबाईने ताट हातात घेतलं नाही. दारातल्या दारात वाकून बघितलं.

"वरून पडतंय तर पापडावर का नाय पडत?"

"नागली मुळातच काळी. तिच्यावर दिसत नाय."

हे ऐकून कुसाबाईचा चेहरा आणखी आवळला. पापड तोवर अर्ध्या नाशिकला विकले गेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "हे बाहेर बोललीस तर बघ. काळं तुझ्या हातातच हाय भागे. तू ज्याला हात लावतीस त्याला लागतंय."

भागीबाई ताट घेऊन परत आली. कुरडया कोंबड्यांना टाकल्या. वीस वर्षांच्या वर तिने त्या घरचा चीक घोटला होता. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग होते.

वैशाखात वस्तीला टँकर लागला. तो कधी सकाळी यायचा, कधी यायचाच नाही. अशाच एका सकाळी भागीबाई रिकामा हंडा घेऊन परत येत होती, तेव्हा कारखान्याच्या बाजूने एक माणूस येताना दिसला. चेहरा, मान, हात सगळं काळं, शर्ट अंगाला चिकटलेला. जवळ आल्यावर तिने ओळखलं. धनराज होता. त्यानेही तिला बघितलं आणि वाट बदलायला गेला, पण दुसरी वाट नव्हती.

"हे काय झाला?" तिने विचारलं. घाबरली की तिच्या तोंडी अजून डोंगरातली बोली यायची.

"कंपनीत पाणी नव्हतं. टँकर नाय आला."

"तू तर पॅकिंगला ना?"

धनराज घरी येऊन मोरीत बसला. घरात पिण्याचं पाणी होतं तेवढंच. त्यातल्या तांब्याभर पाण्याने त्याने डोळे धुतले आणि सांगितलं. तिथे नवे टायर बनत नव्हते. जुने टायर मोठ्या लोखंडी टाकीत घालून रात्रभर तापवत, त्यातून तेल निघे. खाली काळी भुकटी उरे. पहाटे टाकी गार झाली की झाकण उघडून आत उतरायचं, ती भुकटी खोऱ्याने ओढायची आणि पोत्यांत भरायची. धनराजचं काम ते होतं. झाकण उघडलं की भुकटी उडायचीच. वारं नसलं की ती लांब जात नाही, आसपासच पडते.

भागीबाईने त्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि तळहातावर घासलं. ते पसरलं. तिने वास घेतला.

"कधीपासून उघडता पहाटे?"

"पयल्यापासून."

"आणि माझ्यावर आळ आला तो?"

"मला काय माहीत तेच व्हतं म्हणून."

त्याने मान वर केली नाही. आई ते ताट घेऊन कुसाबाईच्या दारात गेली तो दिवस त्याला माहीत होता, त्या दिवशी तो घरी झोपलेला होता. त्याआधी, फाल्गुनात, रबराचा वास येतो हे ऐकल्यावर त्याने जेवण अर्धं टाकलं होतं. भागीबाईला ते आता कळलं. पोराला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

"आई, बोलू नको कुठं," तो म्हणाला. "बाहेर बोललं की दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. ठेकेदार सांगूनच ठेवतो. लग्न होऊ दे निदान."

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी पल्लवी, दिंडोरीकडची, शिकलेली. तिच्या बापाने पोरगा कंपनीत आहे एवढ्यावर होकार दिला होता.

भागीबाईने झिपरूला सांगितलं. झिपरू उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता.

"कुरडया काय, दुसरं कोणी करील," तो म्हणाला. "पोराचं घर मोडंल."

भागीबाई गप्प बसली. नळावर बाया तिच्यामागे हंडा लावायच्या नाहीत, थोड्या अंतरावर ठेवायच्या, तरी गप्प बसली. एकदा ओठावर आलं होतं, पण समोरून धनराज झोपून उठल्यावर चहाला दूध आणायला चालला होता. ती हंडा उचलून घरी गेली.

ज्येष्ठात लग्न झालं. मांडव कुसाबाईच्याच अंगणात पडला, जागा तिथेच होती. कुसाबाईने आहेर केला आणि पंगतीला बसून जेवलीही. भागीबाईने तिला वाढलं. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत असं नाही, भात घ्या, पुरे, एवढं बोलल्या.

तोवर वस्तीत कुजबुज वाढली होती. वाळवणं फक्त कुसाबाईची खराब झाली नव्हती. लोकांच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग पडत होते, पाण्याच्या टाकीवर काळी साय धरत होती, पोरं खोकत होती. मनीषाचा धाकटा रात्री उठून बसायचा. मनीषानेच पुढे होऊन प्रदूषण मंडळाकडे फोनवरून तक्रार केली, दोनदा, तीनदा. तक्रार वैशाखातली. तपासायला साहेब आला आषाढात.

आठवडाभर भुरभुर चालू होती. पश्चिमेचं वारं एवढं की छत्री उलटी व्हावी. धूर असला तरी तो पलीकडे निर्मनुष्य माळावर जात होता. पानं धुतलेली, पत्रे धुतलेले, हवेला ओल्या मातीचा वास. साहेबाने बूट खराब होऊ नयेत म्हणून पँट दुमडली होती. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने कसलं तरी यंत्र तिपाईवर लावलं आणि वर प्लास्टिक धरलं.

"हवा तर उत्तम आहे इथली," साहेब म्हणाला. तो काही चुकीचं सांगत नव्हता.

"साहेब, आत्ता नाय. थंडीत या, न्हायतर उन्हाळ्यात पहाटे या," मनीषा म्हणाली.

"आम्हाला जेव्हा पाठवतात तेव्हा आम्ही येतो, ताई. कंपनीला सगळ्यात जवळ घर कुणाचं?"

सगळ्यांनी भागीबाईच्या खोलीकडे बोट केलं. ती दारात उभी होती. आत पल्लवी भाकरी करत होती. रात्रपाळी करून आलेला धनराज पांघरूण घेऊन पडला होता. पांघरुणाखाली तो जागा आहे हे भागीबाईला मागे न बघताही कळत होतं.

"काय मावशी, काळं काही पडतं का तुमच्या पत्र्यावर?"

मनीषा, कुसाबाई, सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. ठेकेदाराचा माणूसही थोडा मागे, मोटरसायकलवर बसून बघत होता.

"पावसात काय पडणार साहेब," भागीबाई म्हणाली. "पाणी पडतंय."

साहेब हसला. यंत्र गुंडाळलं, गाडीत बसला, गेला. कुसाबाई वळून घरात गेली. आपल्या तोंडून खोटं गेलेलं नाही, हे भागीबाईने स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं.

दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार बदलला. नव्याने जुनी सगळी पोरं काढली आणि बाहेरून आलेली घेतली, त्यांना राहायला आतच पत्र्याची खोली दिली, म्हणजे वस्तीशी संबंध नको. धनराजने कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्याच्या आईनेही नाही. तरी गेटवर नाव नव्हतं. महिनाभर तो काम शोधत हिंडला. अखेर वापीकडे एका ओळखीच्या पोराने बोलावलं. जाताना पल्लवीलाही घेऊन गेला. काम कसलं, भागीबाईने विचारलं.

"तेच," तो म्हणाला. "येतं म्हणून घेतलं त्यांनी."

मार्गशीर्षात थंडी पडली. वारं नाही, पहाटे धूर उठून वर जायचा नाही, वस्तीवर पसरून बसायचा. सूर्य उगवला तरी नुसता तांबूस ठिपका दिसायचा. मनीषाच्या धाकट्याला नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. तो घरी आला त्या दिवशी बाया कुसाबाईच्या ओट्यावर जमल्या. पुन्हा तक्रार करायची, या वेळी सगळ्यांनी मिळून जायचं असं चाललं होतं. भागीबाई तिथे गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. टाकी कधी उघडतात, भुकटी कशी काढतात, पोती कुठे भरतात, झाकण उघडल्यावर काय होतं. धनराजने सांगितलेलं एकही वाक्य तिने गाळलं नाही. तिला वाटलं होतं, आता तरी आळ जाईल.

"तुला कधीपासून माहीत हे?" कुसाबाईने विचारलं.

"वैशाखापासून."

"म्हंजी साहेब आला तवा माहीत व्हतं."

"होय."

"आन् तुझा पोरगा ते रोज आमच्यावर उडवीत व्हता."

"त्याला कामावर सांगतील ते त्याने केला. तो स्वतः नाकातोंडाने खात होता ते, आक्का."

"माझा नातू सलाईनवर व्हता," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू दारात उभी राहून म्हनलीस, पाणी पडतंय."

भागीबाईने मनीषाकडे बघितलं. मनीषाने पोराला कुशीत घेतलं होतं, ती त्याच्या टोपीचे बंद बांधत राहिली. तेव्हा भागीबाईला बोलायचं पुष्कळ होतं. फाल्गुनात माझ्या चुलीवर ढकललंत तेव्हा तुमच्यातली एकही का बोलली नाही, हे विचारायचं होतं. काळं माझ्या हातात आहे हे कोण म्हणालं होतं, हेही. पण ज्याचं मूल खोकतंय त्याच्यापुढे हे हिशेब काढता येत नाहीत, एवढं तिला कळत होतं. ती आली तशी गेली. पौष संपायच्या आत खोली रिकामी करा, असा निरोप मनीषाच्या हातून आला.

बाया सगळ्या मिळून तक्रार घेऊन गेल्या. कारखान्याला दंड झाला, काही दिवस बंदही राहिला. मग त्याने धुराडं उंच केलं, कुंपणाला झाडं लावली, गेटवरच्या पाटीवर नवं नाव रंगवलं आणि पुन्हा सुरू झाला. पहाटे टाकी उघडतात की नाही, आत जाऊन कोण बघणार. कुसाबाईने गच्चीवर प्लास्टिकचं छत घातलं. त्याखाली ऊन कोंडतं आणि कुरडई पिवळी पडते. आता ती जळगावकडून तयार कुरडया आणते, आपल्या पिशव्यांत भरते आणि तेच स्टिकर लावून नाशिकला पाठवते. गिऱ्हाइकांची तक्रार नाही.

भागीबाई आता सिन्नर गावात, स्टँडच्या मागे एका खानावळीत पोळ्या करते. खोली जवळच आहे, खिडकी नसलेली. झिपरू भाताच्या आवणीला गावी गेला तो तिकडेच राहिला आहे. म्हणतो, ये तू पण. ती म्हणते, येते, पण तिथल्या ओलीत आता तिला श्वास पुरत नाही आणि इथल्या कोरड्यात खोकला जात नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने छातीला नळी लावली आणि विचारलं, चुलीवर स्वयंपाक करायच्या का? भागीबाईने हो म्हटलं. मग त्याचाच त्रास आहे, डॉक्टरीणबाई म्हणाली, तुमच्याकडच्या सगळ्या बायकांना असतो. भागीबाईने टायरांचं सांगायला तोंड उघडलं, तर मागच्या बाईचा नंबर पुकारला होता.

यंदा माघात मनीषा खानावळीत आली. भागीबाईने तिला मागच्या बाजूला पोत्यावर बसवलं, चहा दिला, पोराची तब्येत विचारली. पंप ओढावा लागतो, मनीषा म्हणाली, थंडीत जास्त. मग म्हणाली, "नागलीचे पापड कुणाला जमत नाहीत, मावशी. गिऱ्हाईक विचारतं. बाहेरून आणलेले नाही चालत. आत्या म्हणतात, भागीला बोलाव. रोजावर."

"निम्म्यावर नाय?"

मनीषाने चहाचा कप खाली ठेवला.

"त्यांना सांग, माझ्याच्यानं होत नाय आता."

"मग कसे करायचे ते तरी सांगा. मी करते."

भागीबाईने सांगितलं. नागली किती दिवस भिजवायची, पीठ कोणत्या चाळणीने चाळायचं, पापडखार किती, पाणी कसं उकळू द्यायचं, उकड किती वेळ झाकून ठेवायची. मनीषाने सगळं फोनमध्ये बोलून घेतलं. नीट कळलं का, असं भागीबाईने दोनदा विचारलं. फक्त नागलीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ घालावं लागतं, सिन्नरच्या कोरड्या उन्हात नुसत्या नागलीचा पापड वाळता वाळता फुटतो, हे तिने सांगितलं नाही. ते पीठ ती कायम आपल्या खोलीतच मिसळून आणायची. डोंगरात ते लागत नाही. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, सगळे पापड वाया घालवून, ते तिचं तिला कळलं होतं.

मनीषाने जाताना तिच्या पाया पडायला हात खाली नेले. भागीबाईने तिला मध्येच धरलं, पडू दिलं नाही.

चैत्रात खानावळीत दूध घालणाऱ्या बाईकडून कळलं की कुसाबाईच्या गच्चीवर पापडांचे नुसते तुकडे झाले, दोन वेळा केले, दोन्ही वेळा. "तुम्ही तर सांगितलं होतं म्हणे सगळं," ती बाई म्हणाली.

"सांगितलं होतं," भागीबाई म्हणाली. कंपन्यांची पहिली पाळी सुटून माणसं जेवायला यायची वेळ झाली होती. तिने कणकेचा पुढचा गोळा घेतला.